उरलेला भात आणि मावळतीची वेळ

वऱ्हाड हा मूळचा ज्वारीचा आणि कापसाचा प्रदेश. भात येथे पिकत नाही. तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडून येतो. तरीही अमरावती-अकोल्याच्या आपल्या घरांतून वरण-भाताशिवाय सकाळचे जेवण पुरे झाले असे कोणी मानत नाही. पोळ्या मोजून होतात, भाजी अंदाजाने होते. भात मात्र बहुधा थोडा अधिकच रांधला जातो. कोणी ऐनवेळी पंगतीला आले तर पानात कमी पडू नये, ही त्यामागील भावना. भावना चांगली आहे. प्रश्न उरतो तो दुपारी, पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या दोन वाट्यांचा.

आपण व्यापारी माणसे. संध्याकाळी गल्ला मोजल्यावाचून दुकान बंद होत नाही, मग या दोन वाट्यांचाही हिशोब एकदा मांडून पाहावा. एक वाटी तांदळाचा साधारणतः तीन वाट्या भात होतो. दोन वाट्या भात म्हणजे सुमारे १०० ग्रॅम तांदूळ. रोज इतका भात वाया गेला, तर वर्षाला ३६ किलोंहून अधिक तांदूळ, म्हणजे २५ किलोचा जवळजवळ दीड कट्टा होतो. एक किलो तांदूळ पिकवण्यास दोन हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. ज्या घरात पाणी गाळून वापरतात आणि अपकायाच्या जीवांची चिंता वाहतात, त्या घराला हा आकडा निव्वळ पैशाचा वाटू नये.

इतरांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. रात्रीचा भात झाकून ठेवायचा आणि सकाळी त्याला फोडणी द्यायची. महाराष्ट्रातील असंख्य घरांची न्याहारी अशीच होते. आपल्याकडे ती वाट बंद आहे. पाण्याचा अंश असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडले की ते वासी, चलित रस झालेले, म्हणून अभक्ष्य. दिगंबर श्रावकाचाराच्या परंपरेत तर भात, वरण, कढी यांची मर्यादा दोन प्रहरांची, म्हणजे सहा तासांची सांगतात. सकाळी अकराला उतरलेला भात त्या हिशेबाने पाचपर्यंतच चालतो. त्यात भर मावळतीची. जूनमध्ये अमरावतीला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तो पावणेसहाच्या आधीच क्षितिजाखाली गेलेला असतो. म्हणजे उरलेल्या भाताला आपल्या घरात उद्या नसतो. त्याला जे काही आयुष्य आहे ते दुपार ते सायंकाळ एवढेच.

मग प्रत्यक्षात होते काय? तीन गोष्टी होतात, आणि तिन्हींचा विचार करावयास हवा.

पहिली, तो भात टाकून दिला जातो. ओल्या कचऱ्यात पडलेल्या भातात काही तासांतच जीवोत्पत्ती होते. ज्या हिंसेच्या भयाने आपण तो ताटात घेतला नाही, तीच हिंसा आपण घराबाहेर घडू देतो. पानात काही उष्टे टाकू नये, ताट धुऊन ते पाणी पिऊन घ्यावे, असा दंडक आपल्या अनेक घरांतून वडीलधारी मंडळी आजही पाळतात, तो याचसाठी. ताटाला लावलेला दंडक पातेल्याला का लागू नये?

दुसरी, तो गाईला घातला जातो. अकोल्यात एक रस्ताच गोरक्षणाच्या नावाने ओळखला जातो, इतकी ही भावना आपल्या प्रदेशात रुजलेली आहे. परंतु गाईचे पोट चाऱ्यासाठी आहे. शिजवलेले धान्य तिला एकदम पुष्कळ प्रमाणात मिळाले की पोटात आम्ल वाढते, पोट फुगते आणि जनावर दगावूही शकते. एका घरचा घासभर भात तिला बाधत नाही. दहा घरांचा भात एकाच गाईपुढे येतो तेव्हा बाधतो. जीवदयेच्या नावाने असे घडावे हे योग्य नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. तो भात दुसऱ्या दिवशी सकाळी घरकामाला येणाऱ्या ताईंच्या हाती दिला जातो. देणाऱ्याच्या मनात तुच्छता नसते. अन्न वाया जाऊ नये, एवढेच असते. तरी स्वतःला एक प्रश्न विचारावा. जो भात आपण वासी म्हणून स्वतः खात नाही, आपल्या मुलांना देत नाही, तो दुसऱ्याला दिला तर त्याला दान म्हणता येईल काय? त्यांच्या घरी शिळे अन्न चालते, हे उत्तर पुरेसे नाही. ज्यांच्याकडून आपल्याला महिन्याचा पगार यावयाचा असतो त्यांना नकार देणे जड जाते, आणि डबा मुकाट्याने घेतला जातो. द्यावयाचेच असेल तर दुपारी, भात ताजा असताना, 'ताई, न्याल का?' असे विचारून, झाकणाच्या स्वच्छ डब्यात द्यावे. आपल्या मर्यादेच्या आत दिलेले अन्नच आपण दिले असे म्हणता येईल.

येथे सुना-मुली एक रास्त शंका काढतात. आता प्रत्येक घरी फ्रिज आहे. भात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर त्यात बिघडते काय? याचे उत्तर देताना दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. आरोग्यशास्त्र असे सांगते की तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या, तेव्हा हे कारण उजेडात आले. तेथे भात आधी शिजवून तसाच बाहेर ठेवीत आणि मागणी येताच परतून वाढीत. फ्रिजमुळे ही वाढ मंदावते, हे खरे. परंतु आपला नियम आरोग्याच्या पुस्तकातून आलेला नाही. तो जीवयतनेतून आलेला आहे. विज्ञानाने त्याला दुजोरा दिला म्हणून तो मोठा होत नाही, आणि फ्रिज आला म्हणून तो रद्दही होत नाही. ज्याने नियम घेतला त्याने तो पाळावा. ज्याने घेतला नाही त्याने निदान आरोग्याची बाजू जाणून घ्यावी.

फ्रिजचा आपल्याला एक उपयोग मात्र निश्चित आहे, आणि तो त्याच दिवसापुरता. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत अकराचा भात चारपर्यंत ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. जेवणे आटोपताच उरलेला भात परातीत पसरावा, वाफ गेली की झाकणाच्या डब्यात भरून तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच सायंकाळी कढईत घालावा. भाताची मर्यादा पहिल्यांदा शिजला त्या वेळेपासूनच मोजावी. फोडणी दिल्याने ती नव्याने सुरू होत नाही.

आता कढईत काय घालावे, हा प्रश्न. मुलांना हवा असतो हॉटेलातला फ्राइड राइस. त्यात पातीचा कांदा, लसूण, गाजर आणि सोयाबीन आंबवून केलेले सॉस. हे सारे वगळले की उरतो तो फिका, तेलकट भात. मुले तो अर्धा टाकून उठतात आणि आपण होतो तेथेच परत येतो. भात रुचकर व्हावा आणि कंदमुळांची उणीव भासू नये, अशी वाट शोधायची तर दक्षिणेकडे पाहावे. कर्नाटकातील चित्रान्न आणि पुळियोगरे, तमिळनाडूतील पुळियोदरै यांची सारी चव आंबटपणात, भाजलेल्या मसाल्यात आणि तेलात तळलेल्या डाळींच्या कुरकुरीतपणात आहे. कांदा-लसणाविना हे प्रकार मुळातच पूर्ण आहेत.

याचे आश्चर्य वाटू नये. कन्नड भाषेतील पाकशास्त्राच्या जुन्या लेखनात जैन लेखकाचाही वाटा आहे. चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या काळात, इ. स. १०२५ च्या सुमारास, दुसऱ्या चावुंडरायाने 'लोकोपकार' हा ग्रंथ रचला. शेती, वास्तू, भूजलाचा शोध, औषधे यांबरोबर त्यात स्वयंपाकाचाही विषय आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची मूर्ती इ. स. ९८१ च्या सुमारास उभी करणारा गंगांचा मंत्री चावुंडराय तो निराळा; नावसाम्यामुळे दोघांची गल्लत होते. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या मंगरसाने 'सूपशास्त्र' नावाचा पद्यग्रंथ कन्नडात लिहिला. हा मंगरस जैन, आणि त्याचा ग्रंथ सर्वस्वी शाकाहारी. त्यात भाताच्या पाककृतींचे प्रकरण स्वतंत्र आहे. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आपल्यापैकी जी कुटुंबे श्रवणबेळगोळला जाऊन आली, त्यांना त्या बाजूच्या आंबट-तिखट भाताची चव परकी वाटण्याचे कारण नाही.

तांदळाविषयी दोन शब्द. परतण्याच्या भाताला दाणा सुटा हवा, म्हणून तांदूळ जुना असावा. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, हे किराणा दुकानदाराला सांगावयास नको. आपल्या बाजारात सर्वत्र मिळणारा 'एचएमटी' यासाठी उत्तम. या वाणाची कथा ठाऊक असावी. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या आणि त्यातून हा वाण तयार केला. त्याला नाव दिले ते एका व्यापाऱ्याने, त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पुढे 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. त्याच्या श्रेयावरून वादही झाला. दादाजी २०१८ मध्ये गेले. आपल्या ताटातील भातामागे असा एखादा माणूस उभा असतो, एवढे ध्यानात राहिले तरी पातेल्यात किती घ्यावा याचे भान येते.

चिंचेचा भात, चार जणांसाठी

भात चार वाट्या. चिंच मोठ्या लिंबाएवढी. ती गरम पाण्यात भिजवून अर्धी वाटी दाट कोळ काढावा. चिंच साठवणीची असेल तर, विशेषतः पावसाळ्यात, प्रत्येक बुटुक उघडून पाहावे. तिला कीड लवकर लागते.

भाजून कुटावयाचा मसाला: धणे एक मोठा चमचा, हरभऱ्याची डाळ एक लहान चमचा, मेथीदाणे पाव चमचा, मिरे सहा-सात, सुक्या लाल मिरच्या तीन, तीळ दोन लहान चमचे. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर निराळा भाजावा, कारण मेथी लवकर करपते आणि डाळीला वेळ लागतो. निवल्यावर जाडसर कुटावे.

फोडणीसाठी: शेंगदाण्याचे तेल तीन मोठे चमचे, मोहरी एक लहान चमचा, हरभऱ्याची डाळ दोन लहान चमचे, उडदाची डाळ एक लहान चमचा, शेंगदाणे पाव वाटी, सुक्या मिरच्या दोन, गोडलिंबाच्या दोन काड्या, हिंग, सुकी हळद अर्धा चमचा, गूळ सुपारीएवढा, मीठ.

फ्रिजमधून काढलेला भात हाताने हलकेच मोकळा करावा. थंड झाल्यावर भातातील पिष्ट घट्ट होते, म्हणून तो परतताना मोडत नाही. उरलेला भात या पदार्थाला ताज्या भाताहून अधिक मानवतो तो यामुळे. कढई स्टीलची किंवा कल्हईची घ्यावी. लोखंडात चिंच काळी पडते आणि चव बिघडते. तेल तापले की मोहरी तडतडू द्यावी, मग शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालावी. ती बदामी होऊ लागताच उडदाची डाळ, मिरच्या, गोडलिंब, हिंग, हळद असा क्रम ठेवावा. डाळी नीट तळल्या गेल्या नाहीत तर दाताखाली कच्च्या लागतात, आणि मग सारा भात फसला असे वाटते. नंतर चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून मंद आचेवर आटवावे. कडेने तेल सुटले की कोळ तयार झाला. त्यात कुटलेला मसाला मिसळावा, भात घालावा आणि उलथन्याने खालून वर असा हलवावा. झाकण ठेवून चांगली वाफ येऊ द्यावी. फ्रिजमधला भात आतपर्यंत कढत व्हायला हवा. हा भात डब्यातही चांगला राहतो, म्हणून हिवाळ्यात साडेचारला दुकानावर जो डबा जातो त्यासाठी तो विशेष सोयीचा. सोबत उडदाचा पापड असला की आणखी काही लागत नाही.

मुलांसाठी सौम्य करावयाचा असल्यास चिंच आणि मसाला वगळून लिंबाचे चित्रान्न करावे. बाळापूर तालुक्यातील वाडेगावची लिंबे आपल्या दारातच येतात. फोडणी तीच. भात परतून आच बंद केल्यावरच दोन लिंबांचा रस घालावा. रस उकळला की कडवट होतो. वरून ओले खोबरे आणि बारीक चिरलेला सांबार घालावा. वऱ्हाडाबाहेरून आलेल्या सुनांसाठी खुलासा: येथे सांबार म्हणजे कोथिंबीर; इडलीबरोबरचे सांबार नव्हे.

तिथी आणि आम्नाय सांभाळण्याविषयी काही सूचना. अष्टमी-चतुर्दशीला ज्या घरी हिरवे वर्ज्य आहे, तेथे चिंचेचा भात गोडलिंबाविना करावा; बाकी सारे जिन्नस सुके आहेत. फाल्गुन चौमासीपासून ज्यांच्याकडे तीळ बंद होतात, त्यांनी मसाल्यातून ते गाळावेत. आले कंद असल्याने घालू नये. त्याची ऊब हवी असेल तर मसाल्यात चिमूटभर सुंठ घालावी.

दहीभाताविषयी विशेष सावधगिरी हवी. दक्षिणेतील दहीभाताला उडीद-हरभऱ्याच्या डाळीची फोडणी असते, आणि कच्चे दही व डाळ एकत्र आले की द्विदलाचा दोष लागतो. मेथीही द्विदलातच धरतात. दही आधी चांगले गरम करून घेतल्यास काही घरी चालते, काहींना तेही मान्य नाही. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे दहीभाताच्या फोडणीत डाळ आणि मेथी घालूच नयेत. मोहरी, हिंग, सुकी मिरची आणि गोडलिंब एवढ्यावर ती पुरेशी खमंग होते. वर सांगितलेले चिंचेचे व लिंबाचे भात मात्र त्याच जेवणात दही-ताकाबरोबर वाढू नयेत, कारण त्यांत डाळी आहेत.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट राहते. चिंचेचा भात घरात आवडू लागला म्हणजे तो करता यावा म्हणून मुद्दाम अधिक भात रांधण्याचा मोह होतो. तसे झाले तर उरलेल्याचा प्रश्न सुटला नाही, त्याने केवळ रूप पालटले. म्हणून महिनाभर एक लहानशी वही ओट्याजवळ ठेवावी. किती वाट्या तांदूळ घेतला, किती माणसे जेवली, किती भात उरला, एवढे तीनच रकाने. दुकानाच्या रोजमेळापेक्षा हे काम सोपे आहे, आणि घरातील शाळकरी मुलाकडे ते सोपवता येते. महिनाअखेर आपल्या घराचे माप आपल्याला कळेल. पाहुणा ऐनवेळी आला तर भात वीस मिनिटांत पुन्हा होतो. त्यासाठी रोज दोन वाट्या जास्तीच्या शिजवून ठेवण्याची गरज नाही.

ज्या दिवशी वहीचा तिसरा रकाना कोरा राहील, त्या दिवशी सायंकाळी साधी खिचडी करावी आणि समाधानाने चौविहाराचे पच्चक्खाण घ्यावे. आणि ज्या दिवशी दोन वाट्या उरतीलच, त्या दिवशी कढई चढवावी. मात्र घड्याळ पाहून.